ओयोतल्या तबान्केत काजूची खरेदी

बिसाऊ शहर सोडून साफिम आणि न्याक्रा ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू सुरू होतो. मान्सोआ येतं, मागे पडतं, उत्तरेला बिस्सोरांकडे फाटा फुटतो, तरी काजू संपत नाही. गिनी-बिसाऊ हा पश्चिम आफ्रिकेतला ३६,१२५ चौरस किलोमीटरचा देश. त्याच्या निर्यातीच्या उत्पन्नातला ९० टक्क्यांहून जास्त वाटा या एका बीचा आहे. बी फोडण्याचे कारखाने तिथे मोजकेच, म्हणून माल टरफलासकट बाहेर जातो, बहुतेक भारतात आणि व्हिएतनाममध्ये. तूतुकुडी, कोची, मंगळूर या बंदरांत उतरलेली आफ्रिकन बी पुढे देशभरच्या कारखान्यांत जाते. कोकणात आणि चंदगड-आजऱ्याकडे गावठी बीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, पण भट्ट्या वर्षभर चालवायच्या असतात. त्यामुळे आपल्या कारखानदारांनाही ही बी लागते.

ओयो प्रांतात, बिस्सोरांच्या आसपासच्या तबान्कांमधून बी कशी उचलायची, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी इथे लिहीत आहोत. तबान्का म्हणजे तिथलं खेडं. एवढं सगळं सांगण्यामागे मुद्दा एकच आहे. बीचा दर्जा झाडाखालच्या पहिल्या तीन दिवसांत ठरतो. पुढच्या दोन महिन्यांत आपण तो फक्त मोजतो किंवा बिघडवतो, वाढवू मात्र शकत नाही.

आधी गाव कसं असतं ते. मधोमध सावली देणारा मोठा वृक्ष असतो, कुठे आंबा, कुठे पोइलाव म्हणजे आपली पांढरी सावर. भोवती मातीच्या भिंतींची घरं, काहींवर गवत, बहुतेकांवर आता पत्रा. घरांना लागूनच काजू सुरू होतो. पलीकडे जमीन उतरत जाते आणि खाली बोलान्या लागतात. बोलान्या म्हणजे भातखाचरं. या देशात भरतीचं पाणी नद्यांमधून आतवर, पार मान्सोआच्या पुढेही चढतं. कांदळवन तोडून, मातीचे बांध घालून बलांता लोकांनी खारं पाणी अडवलं आणि पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन तिथे भात घेतला. आपल्याकडच्या खाजणांचं गणित हेच. बांध फुटला की तीन-चार वर्षं जमीन वाया, हेही तसंच. जमीन लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने उलटतात, पात्याच्या टोकाला तेवढं लोखंड असतं. बैल नाही, नांगर नाही, सगळं काम माणसाच्या पाठीवर.

काजू विकत घ्यायला जाणाऱ्याला भाताचं एवढं का सांगायचं? कारण भात संपण्याचा आणि काजू पडण्याचा वेळ एक आहे. भात नोव्हेंबर ते जानेवारीत कापला जातो. बऱ्याच घरांतलं धान्य एप्रिल-मे उजाडेपर्यंत सरत आलेलं असतं. काजू मार्च ते जून पडतो. घरात तांदूळ नाही आणि अंगणात बी आहे, अशा वेळी ती बी तीन दिवस वाळत ठेवायची ऐपत नसते. ओली बी आली की गावाला आळशी म्हणू नये, आधी घरातलं धान्य विचारावं.

झाड आपलंच आहे. ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही लावलं. गोवा १९६१ साली सुटला, तर गिनी-बिसाऊने २४ सप्टेंबर १९७३ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि पोर्तुगालने ते पुढच्या वर्षी मान्य केलं. ‘काजू’ हा शब्द तिथल्या क्रियोल भाषेतही काजूच. बालदी मागितली तर बालदी मिळते, चावी म्हटलं तरी कळतं. पण बागा जुन्या नाहीत. पोर्तुगीज काळात निर्यात मुख्यतः भुईमुगाची होती. काजूची मोठी लागवड स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९८०नंतर झाली. जमिनीवर झाड असलं की ती जमीन आपली, असा समज असल्याने लोकांनी बी दाट पेरली. दहा मीटरवर एक झाड हवं तिथे चार-पाच मीटरवर एक. पहिली सात-आठ वर्षं ते खपून जातं. पुढे फांद्या एकमेकांत घुसतात, ऊन आत येत नाही आणि मोहोर फक्त शेंड्याला धरतो. बागेत शिरल्या शिरल्या वर पाहावं. आकाश दिसत नसेल तर त्या बागेची बी बारीक असणार आणि फोलही जास्त निघणार.

हंगामाचं काम खरं डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं. झाडाखालचं गवत आणि पालापाचोळा साफ करायचा, बागेच्या कडेने चार-पाच मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा. हा पट्टा वणव्यासाठी. कोरड्या दिवसांत शिकारीसाठी किंवा मधाचं पोळं काढताना लावलेली आग गवतातून बागेत शिरते. नेमका त्याच वेळी मोहोर असतो आणि नुसत्या धगीनेही तो जळतो. सफाईचा दुसरा फायदा वेचणीत होतो. स्वच्छ जमिनीवर पडलेली बी त्याच दिवशी दिसते, गवतात पडलेली आठवड्याने सापडते आणि तोवर तिच्या देठाशी बुरशी चढलेली असते.

वेचणीचा नियम साधा आहे, पडलेलं बोंडच घ्यायचं. झाड हलवायचं नाही, काठीने झोडपायचं नाही. बोंड पिकण्याच्या बरंच आधी बी वाढून पूर्ण आकाराची दिसू लागते, पण आतला गर भरायला वेळ लागतो. हिरव्या बोंडाची बी तोडली तर बाहेरून ठीक दिसते, आत सुरकुतलेला गर निघतो. पहिल्या दोन आठवड्यांत, भाव चढा असेल तेव्हा, अशी तोडलेली बी बाजारात सर्रास येते.

बी बोंडापासून पिळून सोडवतात. सरावाच्या हाताला दोन सेकंद पुरतात. काही बायका दोऱ्याचा फास देठाशी आवळून ओढतात, त्याने काम अधिक स्वच्छ होतं. बीच्या बुडाशी बोंडाचा गर राहता कामा नये. नखाएवढा तुकडा राहिला तरी तो आंबतो, त्याला बुरशी येते आणि ती शेजारच्या बियांवर जाते. गोणीत हात घातल्यावर आंबूस वास आला तर कारण हेच असतं.

बोंडाचं काय होतं, हा गोव्याच्या माणसाचा पहिला प्रश्न. बलांता, पापेल, मांजाको या समाजांत त्याचा रस काढतात. लाकडी डोणीत बोंडं चेचून, पिळून रस गाळतात आणि तो एक-दोन दिवसांत आपोआप आंबतो. तीच काजूची वाइन, रस्त्याच्या कडेला डब्यांतून आणि बाटल्यांतून विकायला ठेवलेली असते. काही जण ती भट्टीवर चढवून कडक दारूही गाळतात. आपल्याकडचा नीरो म्हणजे ताजा रस आणि हुर्राक म्हणजे पहिल्या धारेची दारू आठवावी असा हा क्रम. वाइनचा पैसा बहुतेक बायकांचा, बीचा पैसा बहुतेक घरच्या पुरुषाचा. वेचणीला आलेल्या बाहेरच्या बायकांना मजुरी म्हणून बीतला वाटा किंवा रस, किंवा दोन्ही मिळतं. मंदिंगा आणि फुला मुसलमान. ते वाइन करत नाहीत, त्यांच्या बागांतली बोंडं शेजारच्या तबान्केतल्या बायका नेतात. खरेदीदाराने हे नीट समजून घ्यावं. बायकांना रसाची घाई असते, रस ताज्या बोंडाचाच निघतो. म्हणून ज्या बागेतून रस निघतो तिथे वेचणी रोजच्या रोज होते आणि बी ताजी मिळते. रस न काढणाऱ्या बागेत तीन-चार दिवसांनी एकदा वेचायची सवय असेल तर बी आधी तपासावी.

आता वाळवण. ताज्या बीत ओल भरपूर असते, पंधरा टक्क्यांच्या वरच. ती आठ-नऊवर आणायची. त्याला कडक उन्हाचे दोन ते तीन दिवस लागतात. बोटभर जाडीचा थर, दिवसातून चार-पाच वेळा उलथवणं, संध्याकाळी गोळा करून झाकणं, कारण पहाटे दव पडतं. जागा सारवलेली, सिमेंटची किंवा ताडपत्रीची हवी. उघड्या मातीवर वाळवली तर खालून ओल शोषते, शिवाय खडे येतात. पत्र्यावर किंवा काळ्या प्लास्टिकवर भर दुपारी टाकली तर बी तापून टरफलातलं तेल गराला लागतं आणि गर पिवळा पडतो.

वाळली की नाही हे पाहायला यंत्राआधी अंगठा. बीच्या पाठीवर नख जोरात दाबायचं. ओल्या बीत नख रुततं आणि अर्धचंद्राची खूण राहते. वाळलेल्या बीवर नख घसरतं. मग मूठभर बिया दोन्ही तळव्यांत घेऊन कानाशी हलवायच्या. ओल्या बियांचा आवाज बद्द येतो. सुकलेल्या खुळखुळतात, कारण आतला गर आक्रसून टरफलापासून सुटलेला असतो. रंगही बदलतो, हिरवट छटा जाऊन राखाडी येते आणि कातडी चकाकते. तबान्केतल्या म्हाताऱ्या बायका यंत्राचा आकडा येण्याआधी बी हातात घेऊन सांगतात आणि त्यांचं क्वचितच चुकतं.

पण शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडा. १६ टक्के ओलीची १०० किलो बी ८ टक्क्यांवर आणली तर उरते ९१ किलो. तीन दिवस राबून नऊ किलो वजन गेलं. खरेदीदार ओल्या आणि सुक्या बीला एकच भाव देत असेल तर वाळवण हा त्या माणसाचा सरळ तोटा आहे. किलोमागे निदान दहा टक्के जास्त दिल्याशिवाय त्याला वाळवायला सांगण्यात अर्थ नाही. भाव आधी गावासमोर जाहीर करावा, ‘नख रुतलं तर हा, नाही रुतलं तर तो’. दोन आठवड्यांत गावचा माल बदलतो. ज्यांनी ही दोन भावांची पद्धत पाळली त्यांना जूनमध्येही कोरडी बी मिळते.

भावाचं म्हणाल तर दर वर्षी हंगामाच्या तोंडावर सरकार किलोचा आधारभाव जाहीर करतं, सेफा फ्रँक या तिथल्या चलनात. २०१८ साली तो थेट १,००० फ्रँक ठेवला गेला. जागतिक बाजाराला तो परवडेना, खरेदीदार मागे सरले आणि बी अंगणात पडून राहिली. पावसाच्या आधी ज्यांना विकायलाच हवं होतं त्यांनी मिळेल त्या भावाला दिली. आधारभाव पाहूनच जावं, पण तोच गावचा भाव असं धरू नये. गावात भाव ठरवतो तो तांदूळ.

पैशाऐवजी तांदूळ देऊन बी घेण्याची पद्धत तिथे जुनी आहे आणि आजही चालते. तांदूळ म्हणजे आयात केलेली कणी, न्येलें म्हणतात तिला, ५० किलोच्या पोत्यात येते. चांगल्या वर्षी एक किलो बीला एक किलो तांदूळ. भाव पडले की दोन किलो, अगदी वाईट वर्षी तीन किलो बी द्यावी लागते. दुकानदार बरेचसे मॉरिटानियाचे, आणि गावोगाव फिरून बी गोळा करणारे फिरते व्यापारी म्हणजे जिला, बहुधा मंदिंगा किंवा फुला. जूनमध्ये उधार दिलेला तांदूळ ते पुढच्या एप्रिलमध्ये बीच्या रूपात वसूल करतात. म्हणजे आपण गावात पोचतो तेव्हा निम्मी बी आधीच कुणाच्या तरी नावावर असते. हे न विचारता बोली केली की वजनाच्या दिवशी माल मिळत नाही. भारताने सप्टेंबर २०२२मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी घातली. आपल्याकडे ती आतल्या पानावरची बातमी होती. तांदळाच्या पोत्यावर जिथे काजूचा भाव ठरतो, तिथे तिचा अर्थ वेगळा.

आमचं ठाम मत आहे की तबान्केत लवकर, मार्चमध्येच, थोडा तांदूळ आगाऊ पोचवणारा खरेदीदार सगळ्यात चांगली बी घेऊन जातो. ज्या घरात पंधरा दिवसांचा तांदूळ आहे त्या घरात बी तीन दिवस उन्हात राहते. हा तांदूळ बीच्या तत्कालीन भावाने फेडून घ्यावा, ठरलेल्या गोणींच्या आकड्याने नव्हे. गोणींचा आकडा ठरवला की त्या ओल्या बीने भरल्या जातात.

बोलणी झाडाखाली होतात. आधी गावसमितीचा प्रमुख, त्याला ‘कोमिते’ म्हणतात, आणि एक-दोन ओमि गरांदी म्हणजे वडीलधारे. त्यांच्याशी बोलल्याशिवाय कुणाच्याही अंगणातल्या बीला हात लावायचा नाही. ‘कुमा दि कुर्पु’, तब्येत कशी, हे प्रत्येकाला वेगळं विचारायचं. घरचं, बागेचं, पावसाचं बोलून झालं की मग भाव. हिरव्या पानांचा कडक चहा, वार्गा, छोट्या पेल्यांतून तीन वेळा फिरतो. पहिला कडवट, तिसरा गोड. तीनही घ्यावेत, दुसऱ्यावर उठून वजनकाटा मांडणं उद्धटपणाचं दिसतं. खरेदीचा परवाना वेगळा आणि निर्यातीचा वेगळा असतो, त्यामुळे परवाना असलेला स्थानिक मध्यस्थ बरोबर हवाच. भाषाही तोच सांभाळतो.

काट्याबद्दल. गावाला बाहेरच्या माणसाच्या काट्याचा वाईट अनुभव असतो, आणि तो खरा असतो. म्हणून २० किलोचं प्रमाणित वजन बरोबर न्यावं आणि वजनाआधी सगळ्यांसमोर ते लटकवून दाखवावं. बारदानाचं वजन किती धरणार तेही आधी बोलावं, तागाची गोणी साधारण एक किलोची.

तागाची म्हणतोय ते मुद्दाम. गावात बी साखरेच्या किंवा तांदळाच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यांत भरलेली असते. त्यांतून हवा खेळत नाही, बीला घाम सुटतो आणि आठ दिवसांत मधल्या बिया काळ्या पडतात. खरेदी झाली की त्याच दिवशी माल तागाच्या गोणीत उलटावा, ८० किलोची भरती. उलटताना खडे, बोंडाचे तुकडे, गेल्या वर्षीची जुनी बी दिसतेच. जुनी बी तांबूस-काळपट आणि निस्तेज असते. ती नव्यात मिसळायची पद्धत मार्चमध्ये जास्त.

आता कटिंग टेस्ट, म्हणजे नमुन्याच्या बिया कापून आतला गर तपासणं. सगळ्या व्यवहाराचा आकडा इथून निघतो, म्हणून जरा सावकाश.

गोण्यांत नळी खुपसून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणांहून बी काढायची. फक्त वरची घेतली तर फसगत होते, चांगली बी वर असते. सगळ्या गोण्यांची बी ताडपत्रीवर ओतून मिसळायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढायचे. एक किलो उरेपर्यंत हेच. मग त्या एका किलोतल्या बिया मोजायच्या. ओयोची बी लहान असते, किलोला २०० ते २२०. तुलनेला आपली वेंगुर्ला-७ घ्या, तिची एक बी साधारण १० ग्रॅमची, म्हणजे किलोला शंभरच. पण लहान बी म्हणजे हलका माल नव्हे. गिनी-बिसाऊच्या बीत गर चांगला भरलेला असतो आणि गरावरची साल सहज सुटते, म्हणून तिला मागणी आहे.

मग प्रत्येक बी जाड कात्रीने उभी, शिवणीवरून कापायची. कच्च्या टरफलातलं तेल उडतं. हातमोजे हवेतच, नाहीतर एरंडेल लावून वर राख. तरीही पहिल्या दिवशी हात उततात. डोळ्यांना हात लावायचा नाही. कापल्यावर दोन वाट्या उघडतात आणि गर समोर येतो. त्याचे तीन ढीग करायचे. पहिला, भरलेला, हस्तिदंती रंगाचा, साल गुलाबी-तपकिरी. दुसरा, सुरकुतलेला, अर्धवट भरलेला किंवा डागाळलेला. तिसरा, फोल, कुजलेला, बुरशीचा, तेलकट पिवळा. पहिल्या दोन ढिगांतला गर टरफलातून काढून सालीसकट वेगवेगळा तोलायचा. पहिल्याचं पूर्ण वजन धरायचं, दुसऱ्याचं निम्मं, तिसऱ्याचं शून्य. बेरजेला ०.१७६३७ने गुणलं की आउटटर्न मिळतो, म्हणजे ८० किलोच्या गोणीत किती पौंड कामाचा गर आहे तो आकडा. समजा पहिला ढीग २७६ ग्रॅम, दुसरा २४ ग्रॅम. २७६ अधिक १२, झाले २८८. गुणाकार ५०.८ पौंड. ओयोतला नीट वाळवलेला माल ५०च्या वर जातो. ४८च्या खाली आला तर कुठेतरी चुकलंय.

कुठे चुकलंय हे तिसरा आणि दुसरा ढीगच सांगतात, म्हणून ते पटकन फेकू नयेत. सुरकुतलेला गर जास्त असेल तर बी झाडावरून तोडलेली किंवा बाग फार दाट. गरावर खोलगट काळे ठिपके म्हणजे ढेकण्याच्या जातीच्या किडीने कोवळ्या बीला टोचलेलं, त्यात वाळवणीचा दोष नाही. पांढरी-हिरवी बुरशी म्हणजे ओली बी प्लास्टिकमध्ये कोंडलेली. पिवळा तेलकट गर म्हणजे तापलेला पत्रा किंवा जुना माल. देठाकडून आत शिरलेला काळेपणा म्हणजे बोंडाचा गर चिकटून राहिलेला. शक्य असेल तर हे ढीग गावकऱ्यांना दाखवावेत. स्वतःच्या बागेतली बी कापलेली बघितल्यावर जे पटतं ते दहा वेळा सांगून पटत नाही. बायकांना तर आवर्जून दाखवावं, वेचणी आणि वाळवण त्यांच्याच हातात असते.

प्रत्येक घराची पूर्ण टेस्ट शक्य नसते. तिथे ५० बिया मोजून कापाव्यात. ४४-४५च्या वर चांगल्या निघाल्या तर माल घ्यावा. पाच-सहापेक्षा जास्त बुरशीच्या निघाल्या तर तो माल वेगळ्या गोणीत, वेगळ्या खुणेने. मिसळायचा नाही, कारण पुढे एका गोणीची ओल ढिगाला लागते.

गोदाम बहुतेक मान्सोआ किंवा बिस्सोरांत असतं. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून निदान हातभर लांब. पत्र्याचं छप्पर असेल तर पहाटे आतल्या बाजूने पाणी ठिबकतं, म्हणून वर जुन्या तागाचा थर. दर तीन-चार दिवसांनी ढिगाच्या मध्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. ऊब लागली तर त्याच दिवशी ढीग फोडून बी उन्हात टाकावी. उद्यावर ठेवलेला गरम ढीग परवा वास मारतो.

मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पाऊस येतो आणि सगळं गणित बदलतं. तांबड्या मातीच्या आतल्या रस्त्यांवर ट्रक रुततात. पाच टनांच्या गाडीत चारच भरावेत आणि ताडपत्री दुहेरी घ्यावी. उशिराच्या बीत ओल जास्त आणि आउटटर्न कमी, तिला भावही तसाच. काही माल उत्तरेला सीमा ओलांडून सेनेगालमध्ये, कासामान्सकडे जातो. तिकडचा भाव चढला की ठरवलेला मालही एका रात्रीत गायब होतो. यावर उपाय एकच, घेतलेला माल गावात पडू द्यायचा नाही.

बिसाऊच्या बंदरात जहाजाची वाट पाहावी लागते. तो काळ गृहीत धरूनच माल कोरडा ठेवायचा. कंटेनर भरण्याआधी आत उभं राहून दार लावून घ्यावं. कुठून उजेड येतो का ते बघावं, जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं. तळ आणि बाजू क्राफ्ट कागदाने मढवायच्या, छताजवळ ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण २०० गोणी म्हणजे १६ टन बसतात. छताला टेकवून भरू नयेत. दिवसा तापलेला कंटेनर रात्री समुद्रावर गार होतो, आतल्या वाफेचं पाणी होऊन छतावरून गोण्यांवर पडतं. बी ८ टक्क्यांवर असेल तर वाफ कमी सुटते. ११-१२वर असेल तर कितीही कागद लावला तरी वरच्या दोन थरांना बुरशी येते. बदलत्या जहाजांनी माल आपल्या बंदरात यायला दीड-दोन महिने लागतात. इथे पुन्हा टेस्ट होते, आणि ओयोत लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक पौंड कमी आला तर तो प्रवासातला घसारा समजावा. तीन कमी आले तर माल भरतानाच ओला होता.

जाण्याआधी एक काम गावात करून यावं. पहिल्या पावसात लोक नव्या बागा पेरतात आणि बियाणं म्हणून गोदामाच्या तळाशी उरलेली बी वापरतात. त्याऐवजी एप्रिलमधल्या चांगल्या झाडाची, मोठ्या भरीव दाण्याची पाच-दहा किलो बी बाजूला ठेवायला सांगावं. पेरण्याआधी ती पाण्यात टाकायची, तरंगेल ती काढायची, बुडेल ती घ्यायची. एका खड्ड्यात दोन बिया, देठाची बाजू वर, दोन बोटं खोल. दोन्ही उगवल्या तर पुढच्या पावसाआधी कमजोर रोप उपटायचं. आणि खड्डा ते खड्डा दहा मीटर. हे अंतर पावलांनी मोजून दाखवावं लागतं, कारण ओसाड दिसणाऱ्या जमिनीवर ते सगळ्यांनाच फार वाटतं.